तार उलटी लागली म्हणून नाही जळालं

नाही हो, तार उलटी लागली म्हणून नाही जळालं! कोणी सांगितलं तुम्हाला, त्या भरतनं ना? तो मिशीवाला वेटर? येईल त्याला हेच सांगत सुटतो, 'आजीनं तांबडी तार काळ्याला लावली आणि मशीन भडकलं.' भडकलं म्हणे. होळी आहे का ती? बसा तुम्ही, ती खुर्ची ओढा, एक पाय हलतो तिचा पण पाडत नाही कुणाला... तुम्हाला सांगते, या रशिदानं हयातभर भोंग्यांच्या तारा जोडल्या. अक्कलकुव्यात कुणालाही विचारा, सत्तारभाई लाऊडस्पीकरवाल्याची बायको म्हटलं की माणूस बोट धरून दुकानापर्यंत आणून सोडेल, आणि मला कोणी शिकवावं तांबडं कुठलं न काळं कुठलं? तुम्हाला नाही म्हणत हो. जगाला म्हणते.

उलटी तार लागली तर जुनं मशीन जळतं का, हाच प्रश्न ना तुमचा? मग मला विचारा. मी लावून बघितली आहे. मुद्दाम. हो, मुद्दाम लावली, जाणूनबुजून, चष्मा घालून. असं बघू नका माझ्याकडे, आधी ऐका.

हे मशीन, भोंग्याला आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर, आजकालचं नाही. याच्या पोटात काचेचे वॉल आहेत, छोट्या बाटल्यांसारखे. चालू केलं की आधी काहीच बोलत नाही. वॉल तापतात, तांबूस होतात, मग आतून घुं असा आवाज येतो, तेव्हा समजायचं की आता हे ऐकायला बसलं, आता बोला. घाई असलेल्या माणसाचं काम नाही. अझरूचे अब्बा, म्हणजे आमचे सत्तारभाई, हे घेऊन आले ते माझं लग्न होऊन थोडेच दिवस झालेले. दारातून म्हणाले, 'मशीन आणलंय.' मला वाटलं शिलाईचं. मी धावत गेले तर हे. त्या दिवशी मी दोघांशी बोलले नाही, अब्बांशी आणि मशीनशी.

मग तेच हाताखाली आलं. अब्बा भोंगे घेऊन फिरतीवर, आज डोंगरातलं लग्न, उद्या रनाळ्याला सभा, आणि मी दुकानात. कोणी बंद मशीन घेऊन यायचं, मला बघायचं, म्हणायचं, सत्तारभाई नाहीत का, मग नंतर येतो. नंतर कशाला? ठेव इथे. मी मागचं झाकण काढायचे आणि आत बघत बसायचे. कोणी शिकवलं? कोणी नाही. हाताला झटके बसले, त्यांनी शिकवलं. शाळा मी आतून पाहिली ती पंधरा ऑगस्टला भोंगा लावायला गेले तेव्हा. हेडमास्तर म्हणाले, बाई तुमची मुलं कुठल्या वर्गात? मी म्हटलं, मुलं राहू द्या, आधी तुमचा माईक द्या, तो शिट्टी मारतोय.

तर सांगत काय होते... हां, अझरू. अझरुद्दीन, माझा मुलगा. एकुलता एक आहे पण गोंगाट चौघांचा. त्यानं धंद्यात डीजे आणला. ते डबे बघितलेत तुम्ही? कपाटाएवढे. एक वाजला की शेजारच्या घरातली भांडी फळीवरून उतरून खाली येतात. ते डबे ठेवायला जागा नाही म्हणून याची नजर माझ्या मशीनवर. 'अम्मी, हे कोणी भाड्यानं नेत नाही. अम्मी, हे जड आहे. अम्मी, यावर नुसती धूळ बसते.' मी म्हटलं, जड मीही आहे, धूळ माझ्यावरही बसते, भाड्यानं मलाही कोणी नेत नाही, मग मलाही काढ. तर गप्प बसला. मला वाटलं ऐकलं. कसलं ऐकलं! गप्प बसला म्हणजे मला न सांगता ठरवून मोकळा झाला.

खापर गावचे इंदरचंद शेठ, कापडवाले, त्यांचा नातू अंकित. मुलगा वाईट नाही, दादी म्हणतो, वाकून नमस्कार करतो. सुरतेला राहून आला आणि इथे हायवेला हॉटेल काढलं, जुन्या जमान्याचं. भिंतीला बैलगाडीचं चाक, दाराशी जातं, कोपऱ्यात पाणी तापवायचा बंब. मला एक समजत नाही, ज्या जात्याला आम्ही हात जोडून निरोप दिला, त्याच्याशेजारी उभं राहून लोक हसत फोटो काढतात. दळून बघा म्हणावं जरा. तर या अंकितला आमचं मशीन हवं. आणि अझरूनं त्याला जबान देऊन टाकली. 'चालू आहे म्हणून सांगितलंय मी, अम्मी. रविवारी येतो, ऐकतो, वाजलं की घेऊन जातो.'

वाजलं की. तो शब्द माझ्या कानात अडकला.

बघा, नाही म्हणायची सोय नव्हती. बाजारात मुलानं दिलेली जबान आईनं मोडली तर उद्या त्याच्या शब्दावर कोण भोंगा नेईल? आणि हो म्हणवत नव्हतं. अब्बा गेले, त्यांची सायकल गेली, भोंगे भंगारात गेले, हे एक राहिलं होतं. रोज सकाळी दुकान उघडलं की मी ते थोडा वेळ लावायचे, रेडिओ जोडून, भाव ऐकायचे, बातम्या ऐकायचे. बातम्यांत काय ठेवलंय, पण तो आवाज... तुमच्या मोबाईलमधला माणूस डब्यातून बोलतो. यातला माणूस समोर बसून बोलतो. असा आवाज घरात असला की घर रिकामं वाटत नाही. जाऊ द्या.

मग मी विचार केला. मला नाही म्हणता येत नाही ना, मग मशीनलाच नाही म्हणायला लावू. रविवारी वाजलंच नाही तर नेणार कसं? पण मारायचं नव्हतं हो मला. मारायला हात उठला असता का? आजारी पाडायचं होतं थोडंसं. नको असलेलं स्थळ बघायला आलं की मुलगी मुद्दाम तिरळं बघते ना, तेवढंच. पाहुणे गेले की डोळे परत सरळ.

वॉल काढावा तर अझरूला लगेच दिसतं, उजेड कमी पडतो. वायर तोडावी तर मला बघवत नाही. मग तारा आठवल्या. दुकानासमोर मंगलाबाई भाजी लावते, तिला सहज विचारलं, काय गं, भोंग्याची तार उलटी लागली तर काय होतं? मंगलाबाई मेथीची जुडी बांधता बांधता म्हणते, 'रशिदामाय, तार उल्टी लागनी का मशीन खाक. मन्हा जवाईनं आसंच व्हयनं.' आणि मला कशाला कोणाला विचारायला हवं होतं? मीच आयुष्यभर ओरडत आले, तांबडी तांबड्याला, काळी काळ्याला, नाहीतर मशीन जाईल! किती माणसांना शिव्या घातल्या असतील मी या एका तारेपायी. लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलाच्या मामाला रडवलंय मी. बिचारा मदत करायला आला होता.

तर अझरू बाहेर गेला तशी मी मागे बसले, पेचकस घेतला, तांबडी काळ्याला, काळी तांबड्याला.  बटण दाबलं. वॉल तापले. घुं झालं. आणि रेडिओवरची बाई स्वच्छ आवाजात कापसाचा भाव सांगायला लागली.

काही नाही. खरखर नाही, धूर नाही. उलटी तार, आणि मेलं ते वाजतंय.

तुम्हाला सांगते, मला आनंद व्हावा की राग यावा तेच समजेना. ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर लोकांची अब्रू काढली ती गोष्ट खोटी निघाली, आणि हे सांगायचं कोणाला? त्या मामाला शोधत जाऊ आता? एका भोंग्याला उलटं-सुलटं काही नसतं हो. पुढे ढकललं काय न मागे ओढलं काय, हवा हलते, आवाज निघतो.

मग मी म्हटलं, एकाला कळत नसेल, दोघांना कळेल. दोन डबे लावले, एक सुलटा, एक उलटा. आता खरंच फरक पडला. आवाज पातळ झाला, पोट गेलं त्याचं, अशक्त माणूस बोलल्यासारखं वाटलं. मी मनात म्हटलं, जमलं. तेवढ्यात अझरू आला, दारात थांबला, मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणतो, 'अम्मी, काय केलंत? शब्द काय साफ यायला लागलेत!' डीजेवाल्याचे कान ते. त्याला पातळ म्हणजे साफ वाटतं. म्हणजे आजारी पाडलं तर म्हणतो तब्येत सुधारली, आणि मेलं ते वाजतंय!

थांबा, उठू नका, अजून आहे. याच्या मागे तीन भोकं आहेत, चार, आठ आणि सोळा. जसा भोंगा तसं भोक. जड ओझं हलक्या भोकाला लावलं की मशीन दमतं. मी काय केलं, दुकानात होते नव्हते तेवढे सगळे डबे एकत्र बांधले आणि सोळाच्या भोकात कोंबले. एका बैलाला चार गाड्या. आवाज बसला, पण वाजतंय. मी हट्टानं चालू ठेवलं. थोड्या वेळानं वर हात ठेवला तर चटका. तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावल्यावर जसं होतं ना, तसं झालं मला. हातातलं काम टाकलं, पुठ्ठा घेतला आणि वारा घालत बसले. मीच ताप आणायचा आणि मीच वारा घालायचा. अब्बा असते तर म्हणाले असते, रशिदा, तुला काय हवंय ते एकदा ठरव.

तारेच्या चुका सगळ्या करून झाल्या. एकच चूक उरली होती, आणि ती मी करणार नव्हते.

ती अब्बांनी मला अगदी सुरुवातीला सांगितली होती. म्हणाले, या मशीनला तार उलटी चालते की नाही ते मी बघितलं नाही, पण चालू मशीनची तार कधी काढू नको. आतून जोर निघतो, त्याला बाहेर जायला वाट लागते. समोर भोंगा नसला की तो जोर परत आत फिरतो आणि आतलीच तारेची वेटोळी जाळतो. 'याला ऐकणारं कोणीतरी लागतं,' म्हणाले, 'नाहीतर हे स्वतःलाच खातं.' अझरूच्या नव्या मशिनांचं उलटं. तिथे तार काढली तर काही होत नाही, पण दोन तारांचे केस एकमेकांना लागले की खलास. रनाळ्याच्या एका लग्नात त्याचं नवंकोरं मशीन असंच गेलं, एवढासा तारेचा केस, तांबड्याचा काळ्याला लागला, आणि नवरी येण्याआधी शांतता. तेव्हापासून त्यानं मनाशी गाठ बांधली, काही शंका आली की पहिली तार उपटायची. नव्याला ते बरोबरच आहे. मी त्याला जुन्याचं सांगायला हवं होतं का? सांगितलंय हो, शंभरदा सांगितलंय. आईचं सांगणं म्हणजे डीजेच्या डब्यासमोर पाकोळीचा आवाज.

रविवार आला. मी तारा तशाच ठेवलेल्या, सगळे डबे सोळाच्या भोकात. म्हटलं, बसलेल्या आवाजात का होईना, अंकितला नको वाटलं तर वाटलं. दुपार उतरताना गाडी आली. अंकित उतरला आणि मागून प्यारीबाई, त्याची आजी. आता प्यारीबाई आणि मी म्हणजे... ती मारवाडातून आली आणि खापरला तिचं लग्न लागलं तेव्हाची ओळख आमची. कापडाच्या गठ्ठ्यावर बसून दोघी किती चहा प्यायलो असू. मशीनकडे बघितलं आणि डोळे पुसत म्हणते, 'रशिदा, मन्हा लगीनमा हाईच वाजेल व्हतं ना वं?' मी म्हटलं, हेच. तर म्हणते, मग मी बोलून बघते. आणि घेतला माईक हातात.

प्यारीबाईचं एक आहे. तिला ऐकू कमी येतं, म्हणून सगळ्या जगालाच कमी येतं असं धरून ती बोलते. त्यात हातात माईक. आणि या मशीनचा आवाज कमी-जास्त करायचं बटण अब्बांनी कापडी पट्टीनं बांधून ठेवलेलं, लग्नातल्या पाहुण्यांनी पिळू नये म्हणून. म्हणजे जे काय ते पूर्ण. प्यारीबाईनं सुरू केलं, लग्नात कोणी काय नेसलं होतं, जेवणात काय होतं, सासू काय बोलली, सगळं अक्कलकुव्याच्या बाजाराला सांगायला लागली. डबे चुकीच्या भोकात, सगळे एका गळ्यात, आणि आवाज कसा? भरून आलेला. गोड. समोर मंगलाबाई भाजी टाकून उभी. अंकित म्हणतो, 'दादी, क्या बात है.'

मी कपाळावर हात मारला. मेलं ते वाजतंय! अभिमानानं छाती भरून येतेय आणि मशीन हातचं जातंय, एकाच वेळी. तुम्हाला झालंय कधी असं?

आणि तेवढ्यात असरची, दुपार उतरतानाची अजान सुरू झाली.

आमच्या बाजारातली रीत तुम्हाला सांगते. अजान झाली की भोंगा गप्प. मग लग्न कुणाचंही असो, वरात कुणाचीही असो, कुणाला सांगावं लागत नाही. आणि कुणाची मयत गेली की मग ती कुठल्याही आळीतली असो, तेव्हाही गप्प. अब्बांच्या वेळेपासून या दुकानानं हे पाळलंय. अझरूनंही पाळलं, त्यात त्याची चूक नाही. त्यानं प्यारीबाईला हातानं खूण केली, थांबा. प्यारीबाईला वाटलं शाबासकी देतोय. ती आणखी जोरात. मग तो बटणाकडे वळला, तर पट्टी. मग मागे वाकला... आणि त्याला तारा दिसल्या. सगळे डबे सोळाच्या भोकात, तांबडं काळ्यात, काळं तांबड्यात. त्याचा चेहरा मला इकडून दिसला. त्याला रनाळ्याचं लग्न आठवलं असणार.

मी होते गल्ल्याच्या अलीकडे, मधे अंकित, मधे स्टूल, आणि डोक्यावर ओढणी घेतलेली. अजान चालू असताना मी बोलत नाही. लहानपणापासून नाही. या तोंडाला कोणी कधी गप्प केलं नाही, ना सासूनं, ना नवऱ्यानं, ना पोलिसानं परवाना मागायला आल्यावर. फक्त अजान. जीभ आपोआप टाळूला लागते. ओरडायचं होतं, अझरू, तार काढू नको. आधी मशीन बंद कर. शब्द ओठापर्यंत आले आणि तिथे उभे राहिले. मी दोन्ही हात हलवले, नको, नको. त्याला वाटलं मी म्हणतेय, काढ, लवकर काढ. आणि त्यानं सगळ्या तारा मुठीत धरून एकदम उपटल्या.

डबे गप्प. बाजार गप्प. प्यारीबाईला काही पत्ता नाही. ती माईकमध्ये सांगतेच आहे, सासूनं तिला लाडू कसा दिला नाही ते, पूर्ण आवाजात, आणि तो सगळा आवाज बाहेर जाणार कुठे? आत गेला. आतून टिक असं वाजलं, बोटाचं नख मोडल्यासारखं. निळसर ठिणगी दिसली जाळीतून. मग वास. वार्निश जळाल्याचा वास तुम्हाला माहीत असेल तर माहीत असेल, नसेल तर तो माहीत करून घेऊ नका.

अजान संपली तेव्हा माझ्या तोंडाला शब्द आला, पण त्याचा उपयोग नव्हता. अझरूनं मोठ्या काळजीनं तारा सुलट्या केल्या, तांबडी तांबड्याला, काळी काळ्याला, आठाच्या भोकात, जशा मी त्याला लहानपणी शिकवल्या तशा. अगदी बरोबर जोडल्या. आणि मशीन वाजलं नाही.

म्हणजे बघा, चुकीच्या तारेनं नाही जळालं. चुकीची तार सुधारायला गेला म्हणून जळालं!

आणि हा मुलगा सगळ्यांसमोर वळून काय म्हणतो? रागानं नाही हो, प्रेमानं म्हणाला, ते जास्त लागलं. 'अम्मी, तुम्ही तारा उलट्या लावल्या होत्या. होतं असं या वयात.' मंगलाबाईनं ऐकलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत आख्ख्या बाजारानं ऐकलं. रशिदाला आता तांबडं-काळं दिसत नाही. मी काय बोलणार होते? मुद्दाम लावल्या म्हणून सांगितलं तर अंकितसमोर मुलगा खोटा पडतो, की याच्या घरचे लोक मालात खोट करून विकतात. आणि नाही सांगितलं तर मी म्हातारी पडते. दोन मिनिटं विचार केला आणि म्हातारी पडले.

पण मनात एक होतं. म्हटलं, अब्रू गेली तर गेली, मशीन तर राहिलं. बंद का होईना, घरात राहिलं. वेटोळं परत भरता येतं, करणारा माणूस शोधीन, नाहीतर मीच बसेन तार घेऊन. मी अंकितला म्हटलं, जाऊ दे बेटा, वाजत नाही ते. बंद माल आम्ही कुणाला देत नाही.

तर अंकित हसतो. म्हणतो, 'दादी, मला कुठे वाजवायचंय? तिथे गाणी मोबाईलवरून लागतात. मला तर हे दाखवायला पाहिजे.' आणि खाली वाकून जाळीतून आत बघतो, आणि म्हणतो, 'उलट बरं झालं. चालू असतं तर लोकांनी हात लावला असता, शॉक बसला असता. आता आत छोटे दिवे लावू, वॉल पेटल्यासारखे दिसतील.'

मी अझरूकडे बघितलं. म्हटलं, तू तर सांगत होतास, वाजलं की नेणार. तो म्हणतो, 'अम्मी, ते मी म्हणालो होतो, माल चांगला आहे हे कळावं म्हणून. त्यानं कधी विचारलंच नाही.'

विचारलंच नाही! मी उलट्या लावल्या, पातळ केलं, ताप आणला, वारा घातला, आणि ज्याच्यासाठी हे सगळं त्यानं वाजतं का म्हणून विचारलंच नव्हतं. वाजत होतं तरी नेणार होता, नसतं वाजलं तरी नेणार होता.

प्यारीबाईला तोपर्यंत समजलं होतं की काहीतरी झालंय. ती माझ्या शेजारी येऊन बसली, माझा हात मांडीवर घेतला आणि हळू बोलली. हळू म्हणजे तिच्या मानानं. 'दे ना वं रशिदा. आठे ठेईसन तू रोज रडशी. तठे ऱ्हाई तं चार लोके देखतीन तरी.'

दिलं मी. खरं सांगू का, चालू असतं तर दिलं नसतं, भांडले असते, अझरूची जबान गेली असती खड्ड्यात. पण सकाळी दुकान उघडून ते तिथे मुकाट बसलेलं बघायचं... ते माझ्यानं झालं नसतं. अंकितच्या माणसांनी उचललं, मी म्हटलं, जपून, आत काच आहे. चौघांना दम लागला. जड आहे म्हणत होता ना अझरू, ते मात्र खरं होतं.

मग मी म्हटलं, आपला संबंध संपला. ते हॉटेल मी बघायलाही जाणार नाही. आणि गेले नाही हो, बरेच दिवस. पण मंगलाबाईचा जावई इथे जेवून गेला आणि येऊन सांगतो, तिथला भरत सगळ्यांना सांगतो, एका म्हातारीनं तार उलटी लावून जाळलं म्हणून. मग मात्र राहवलं नाही. एकदाच आले, भरतला सांगायला. सांगितलं. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचे विचारायला लागले, आजी, काय झालं होतं? त्यांना सांगितलं. मग दुसरे आले. तो भरत ऐकतो आणि तरी आपलंच सांगतो, म्हणून परत आले. अंकितनं मशीनच्या उजवीकडे मला ही खुर्ची टाकून दिली, म्हणतो, दादी, तुम्ही बसा, लोकांना आवडतं. रोज संध्याकाळी अझरू गाडीवरून आणून सोडतो. त्याला बरंच आहे, दुकानात शांतता. प्यारीबाई पण येते कधी कधी, लाडवाचं परत सांगते.

आणि परवा तुमच्यासारखंच एक कुटुंब आलं, बडोद्याकडचं. साहेबांनी मशीनकडे बोट केलं आणि भरतला विचारलं, हे चालू आहे का हो? मी ओढणी सावरली, म्हटलं आता बोलू दे याला तार उलटी लागली म्हणून, आज याची मिशीच उतरवते. तर भरत काय म्हणावा? म्हणाला, 'डावीकडचं बंद आहे साहेब. उजवीकडचं चालू आहे, पण ते बंद कुठून करायचं ते आम्हाला अजून सापडलं नाही.'

सगळं हॉटेल हसलं. अंकितही हसला.  मीपण हसले. घ्या तुम्ही, चहा घ्या, गार करून टाकला मी तुमचा.